शेतकऱ्याचा चुकारा आणि एआय एजंट : आधी नियम, मग यंत्र

रावेर, यावल, चोपडा भागात केळीची कापणी जोरात असते, तेव्हा शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात दिवस पुरत नाही. काट्यावरून वजनपावत्या येतात, त्या दिवसाचा दर लागतो, वाहतूक आणि मजुरीची कपात होते, हिशेबपट्टी निघते आणि मग चुकारा. शिरपूर, शिंदखेडा, धुळे भागात कापूस आणि मक्याची आवक सुरू झाली की तिथेही हेच काम, तेवढ्याच घाईत. दोन-तीन माणसांच्या कार्यालयाला कोणी सांगितले की, “एआय एजंट हे सगळे करील, पैसेही तोच पाठवील, आणि ब्लॉकचेन असल्यामुळे कोणालाही गडबड करता येणार नाही,” तर ते ऐकावेसे वाटणारच.

या सांगण्यातला पहिला भाग बराचसा खरा आहे, शेवटचा भाग अर्धाच खरा आहे. म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील उत्पादक कंपन्यांचे संचालक, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सभासद यांच्यासाठी सल्ला सुरुवातीलाच सांगतो. हिशेब एजंटाला करू द्या. नोंदी जपायला ब्लॉकचेन वापरा. रुपया मात्र बँकेतूनच जाऊ द्या, आणि तो सोडण्याचा अधिकार लेखी नियमांनी बांधून माणसांच्या हाती ठेवा. हे कसे करायचे, ते पुढे क्रमाने पाहू.

एजंट कशाला म्हणायचे

नेहमीचे सॉफ्टवेअर आपण बटण दाबू तेवढेच करते. एआय एजंटाला आपण काम सांगतो आणि त्यातल्या पायऱ्या तो स्वतः ठरवतो. पावतीचा फोटो वाचतो, दर शोधतो, रक्कम काढतो, बँकेच्या प्रणालीत भरणा तयार करतो, शेतकऱ्याला संदेश पाठवतो. त्याची ताकद यात आहे, आणि धोकाही यातच आहे. पायऱ्या तोच ठरवत असल्यामुळे चूकही नव्या पद्धतीने होऊ शकते.

एक हिशेब करून पाहा. १०० क्विंटल केळी, दर १,५०० रुपये क्विंटल, रक्कम दीड लाख. पावतीवरचा आकडा वाचताना एक शून्य जास्त धरले गेले तर हीच रक्कम १५ लाख होते. कारकुनाच्या डोळ्यांना ते लगेच खटकते. यंत्राला ते खटकावे यासाठी तसा नियम आपण लिहून द्यावा लागतो.

ब्लॉकचेन काय करते आणि काय करत नाही

ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही आहे. तिच्यात एकदा घातलेली नोंद नंतर गुपचूप बदलता येत नाही. महाराष्ट्राने तिचा उपयोग करून पाहिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागाने २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर पडताळता येतील अशी करण्याचे काम हाती घेतले. राज्य वखार महामंडळाच्या गोदामपावतीवर राज्य सहकारी बँकेकडून तारणकर्ज देण्यासाठीही हे तंत्र वापरले गेले. पावती कोणाची, ती कोठे गहाण आहे, हे सर्वांना एकच दिसले की एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज उचलण्याची वाट बंद होते.

आता मर्यादा. नोंद बदलली नाही, एवढीच खात्री ब्लॉकचेन देते. नोंद मुळात खरी होती की नाही, हे तिला कळत नाही. काटाच चुकत असेल तर चुकीचे वजन कायमचे कोरले जाईल. त्यामुळे वैधमापन विभागाकडून काट्याची वेळेवर पडताळणी करून घेणे आणि वजनाच्या वेळी शेतकऱ्याची सही किंवा मोबाइलवरची मान्यता घेणे, ही कामे ब्लॉकचेनच्या आधीची आहेत.

दुसरी मर्यादा खासगी माहितीची. आधार क्रमांक, मोबाइल, बँक खाते यांपैकी काहीही साखळीवर ठेवू नका. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो, आणि ब्लॉकचेनवरचे पुसता येत नाही. मूळ हिशेबपट्ट्या कंपनीच्याच संगणकात ठेवाव्यात. दिवसभराच्या सर्व पट्ट्यांचा मिळून एकच संगणकी ठसा, म्हणजे ‘हॅश’, रात्री साखळीवर नोंदवावा. पुढे कोणी एका पट्टीतला एक रुपया जरी बदलला तरी ठसा जुळणार नाही. दिवसाला एकच नोंद लागत असल्याने खर्चही कमी येतो. तंत्रज्ञाला एवढे मात्र बजावा की नुसत्या मोबाइल किंवा खाते क्रमांकाचा ठसा पुरेसा सुरक्षित नसतो. क्रमांकांच्या शक्यता मोजक्या असतात, त्या एकेक करून तपासता येतात. ठसा काढण्याआधी प्रत्येक नोंदीला वेगळा गुप्त आकडा जोडला गेला पाहिजे.

पैसा कोणत्या वाटेने जावा

एजंटांनी एकमेकांना पैसे द्यावेत यासाठी जगभर नवे रस्ते बांधले जात आहेत. कॉइनबेस कंपनीने मे २०२५ मध्ये ‘एक्स४०२’ ही पद्धत आणली. तिच्यात एखादी सेवा मागताच तिची किंमत कळते आणि एजंट डॉलरशी जोडलेल्या आभासी नाण्यात ती तिथल्या तिथे भरतो. गुगलने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘एजंट पेमेंट्स प्रोटोकॉल’ जाहीर केला. मालकाने एजंटाला नेमकी कशाची परवानगी दिली, याचे सहीबंद मँडेट हा त्याचा पाया आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये एनपीसीआय, रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतून यूपीआयने खरेदी करण्याचा प्रायोगिक उपक्रम जाहीर केला. ग्राहकाने आधी ठरावीक रक्कम राखून ठेवायची आणि त्या मर्यादेत एजंटाने खर्च करायचा, अशी त्याची रचना आहे.

यातून शेतकरी कंपनीने विचार घ्यावा, नाणे घेऊ नये. आभासी नाणी भारतात वैध चलन नाहीत. त्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून त्यांच्या व्यवहारावर एक टक्का टीडीएस आहे. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा या वाटेने नेण्याचे काहीही कारण नाही. कोणी तुमच्या कंपनीचे ‘टोकन’, म्हणजे स्वतःचे आभासी नाणे, काढून देतो म्हणाला तर त्याला नम्रपणे निरोप द्या.

आपली वाट साधी आहे. मोठ्या चुकाऱ्याला यूपीआयची एक लाखाची नेहमीची मर्यादा पुरत नाही. दीड लाखाचा चुकारा एनईएफटीने जाईल, दोन लाख आणि त्यापुढचा आरटीजीएसनेही पाठवता येईल. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते. या दोन्ही मार्गांवर पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडताळण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. ती सोय आपल्या बँकेत सुरू करून घ्या आणि प्रत्येक नव्या खात्यासाठी वापरा.

नियम घातलेला रुपया पाहायचा असेल तर ई-रुपयाकडे, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल चलनाकडे, लक्ष ठेवा. रिझर्व्ह बँकेने सर्वसामान्यांसाठी त्याचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केला. २०२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांना कार्बन क्रेडिटचे पैसे इंडसइंड बँकेमार्फत ई-रुपयात मिळाले. अट पूर्ण झाली की पैसे सुटतात अशी रचना सरकारी चलनातही होऊ शकते, हे त्यातून दिसले.

चुकले तर जबाबदार कोण

“एजंटाने पाठवले, आम्ही नाही,” हे उत्तर चालणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ११ नुसार, तुम्ही किंवा तुमच्या वतीने कोणी आपोआप चालण्यासाठी बसवलेल्या संगणक प्रणालीतून गेलेली नोंद तुमचीच मानली जाते. एजंट ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नाही. त्याची सही नाही, मालमत्ता नाही, त्याला नोटीस बजावता येत नाही. त्याने केलेल्या देण्याघेण्याचा जाब कंपनीला, पर्यायाने संचालक मंडळाला द्यावा लागतो. म्हणून एजंट बसवण्याचा निर्णय संगणक ऑपरेटरच्या पातळीवर होऊ देऊ नका. तो संचालक मंडळाच्या ठरावाने व्हावा, आणि अधिकाराची मर्यादा त्या ठरावातच असावी.

एजंटाला बोलून फसवता येते

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फ्रेसा’ नावाचा एक खेळ झाला. एका एजंटाच्या ताब्यात रक्कम ठेवली होती आणि कोणत्याही परिस्थितीत ती कोणाला द्यायची नाही, असे त्याला बजावले होते. लोक पैसे भरून त्याला संदेश पाठवत आणि वळवू पाहत. ४८२ व्या संदेशाने ते साधले. रक्कम बाहेर पाठवण्याची जी क्रिया होती, ती प्रत्यक्षात येणारी रक्कम स्वीकारण्यासाठी आहे, असे त्या संदेशाने एजंटाला पटवले. आणि सुमारे ४७ हजार डॉलर निघून गेले. व्यवहार ब्लॉकचेनवर होता, नोंद चोख झाली. पैसे परत आणायला मात्र तिचा उपयोग नव्हता.

हे आपल्या कार्यालयात कसे घडेल? व्हॉट्सॲपवर एक संदेश येईल, “माझे जुने खाते बंद झाले, चुकारा या नव्या खात्यावर टाका.” सोबत पासबुकाचा बनावट फोटो असेल. एजंट तो वाचील, खाते बदलील, पैसे पाठवील. किंवा पावतीच्या फोटोतच एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना लिहिलेली असेल आणि एजंट तिलाच मालकाची आज्ञा समजेल. बाहेरून आलेला मजकूर आणि मालकाचा हुकूम यांत आजच्या एजंटाला खात्रीने फरक करता येत नाही. त्याला “फसू नकोस” असे बजावून भागत नाही. फसला तरी नुकसान होणार नाही अशी तटबंदी त्याच्याबाहेर हवी.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. शेतकरी आवाजी संदेश अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत पाठवतात. एजंट प्रमाण मराठी समजला म्हणून तो हेही समजेल असे गृहीत धरू नका. आपल्याच सभासदांचे संदेश, त्यांची परवानगी घेऊन, त्याला ऐकवून पाहा. जिथे तो अडखळतो तिथे संदेश थेट माणसाकडे जाऊ द्या.

व्यवस्था उभारण्याचे टप्पे

१. *वेगळे खाते उघडा.* एजंटाचा संबंध कंपनीच्या मुख्य खात्याशी येऊ नये. चुकाऱ्यासाठी स्वतंत्र खाते ठेवा आणि त्यात फक्त त्या दिवसाच्या गरजेएवढीच रक्कम वळवा.

२. *एजंट ‘मेकर’, माणूस ‘चेकर’.* बँकांच्या कंपनी नेट बँकिंगमध्ये भरणा तयार करणारा आणि मंजूर करणारा वेगळे ठेवण्याची सोय असते. एजंटाने भरण्याची यादी तयार करावी. मंजुरी एका अधिकाऱ्याची, आणि ठरलेल्या रकमेपुढे दोघांची. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसे हे आहे. पुढे कधी ब्लॉकचेनवरचे खाते वापरायची वेळ आली तर तिथेही ‘मल्टिसिग’, म्हणजे एकाहून अधिक सह्यांचीच, पद्धत निवडा.

३. *मर्यादा आकड्यांत लिहा.* एका चुकाऱ्याची कमाल रक्कम, एका दिवसाची कमाल रक्कम, एका शेतकऱ्याला दिवसात किती वेळा, हे ठरवा. दरासाठी पट्टा ठरवा. उदाहरणार्थ, रावेर बाजार समितीच्या त्या दिवसाच्या केळी भावापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पट्टी अडावी आणि माणसाकडे जावी. ही तपासणी एजंटाच्या बुद्धीवर सोडू नका. ती साध्या, न बदलणाऱ्या संगणकीय नियमात बसवा.

४. *खाते बदल एजंटाच्या हाती नको.* नवे खाते नोंदवायला शेतकऱ्याने पासबुक घेऊन यावे किंवा आधीच नोंदलेल्या क्रमांकावर कंपनीने स्वतः फोन करावा. बदलानंतर ४८ तास त्या खात्यावर चुकारा थांबावा. हा एकच नियम बरेच मोठे नुकसान टाळतो.

५. *एजंटाला स्वतःची ओळख द्या.* कोणा कर्मचाऱ्याचा पासवर्ड किंवा ओटीपी त्याला देऊ नका. स्वतंत्र लॉगिन, मोजके अधिकार, ठरावीक मुदत. काम संपले की अधिकार आपोआप संपावेत. इथेरियम या ब्लॉकचेनच्या जगात एजंटांची ओळख आणि त्यांची पत नोंदवण्यासाठी ‘ईआरसी-८००४’ नावाचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला गेला, तो याच गरजेतून.

६. *प्रत्येक पायरीची नोंद ठेवा.* कोणती पावती वाचली, कोणता दर घेतला, कोणत्या नियमाने मंजूर केले, कोणी सही केली. रोजचा ठसा साखळीवर जावा आणि तो तपासायची सोय सभासदांना मिळावी.

७. *बंद करण्याची कळ.* एका फोनवर एजंटाचे सर्व अधिकार थांबले पाहिजेत. ही कळ निदान तिघांना माहीत असावी, आणि महिन्यातून एकदा ती खरोखर दाबून पाहावी. फसवणूक लक्षात येताच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवायचे असतील तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

कारभार : मत सभासदाचेच

एजंटाला चुकाऱ्यानंतर पुढे कारभारातही आणता येईल असे सांगितले जाते. प्रस्ताव मांडायचे, मते मोजायची, निकालाप्रमाणे निधी आपोआप सोडायचा. जगात ‘डीएओ’ या नावाने अशा संघटना चालतात. तिथे बहुतेक वेळा ज्याच्याकडे जास्त टोकन त्याची जास्त मते. एप्रिल २०२२ मध्ये ‘बीनस्टॉक’ या प्रकल्पात एकाने क्षणभरासाठी प्रचंड कर्ज उचलून मतांचे बहुमत मिळवले, स्वतःचाच प्रस्ताव मंजूर केला आणि तिजोरी रिकामी केली. प्रकल्पाचे नुकसान सुमारे १८ कोटी डॉलरचे होते. संगणकाने नियम तंतोतंत पाळला होता. नियमच चुकीचा होता.

उत्पादक कंपनीचा कायदा याबाबत शहाणा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या प्रकरण २१-अ नुसार सभासदाकडे शेअर कितीही असोत, मत एकच, आणि संचालक पाच ते पंधरा. हे तत्त्व कोणत्याही सॉफ्टवेअरसाठी सैल करू नका. एजंटाने सभेची टिपणे तयार करावीत, मागील ठरावांची अंमलबजावणी झाली का ते दाखवावे, खर्चातली विसंगती पुढे आणावी. मत मात्र माणसाने द्यावे, आणि मतदान व निधी सुटणे यांत निदान काही दिवसांचे अंतर असावे, म्हणजे चूक दिसली तर थांबवता येते.

चूक वेळीच दिसली आणि थांबवता आली पाहिजे, हे जळगावकरांना वेगळे पटवायला नको. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी बहुराज्यीय पतसंस्थेत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. २०१५ मध्ये तिथे अवसायक नेमला गेला, आणि पुढे त्या काळातल्या मालमत्ता विक्रीचाही पोलिसांनी तपास केला. एकापाठोपाठ एक व्यवस्था बदलली तरी सामान्य ठेवीदाराला व्यवहार होताना दिसत नव्हता आणि थांबवताही येत नव्हता. ब्लॉकचेनचा खरा उपयोग झाला तर तो इथे होईल, आणि तोही सभासद ती नोंद उघडून पाहणार असतील तरच. न पाहिलेली चोख नोंद कोणाचेही पैसे वाचवत नाही.

चांगला नमुनाही खान्देशातच आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. तिथे नियम गावाने बसून ठरवले, ते मोडणाऱ्याला दंड ठरवला, आणि सगळ्यांना ते माहीत होते. या कामाचे नेते चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांनी नियम केले त्यांनीच राखण केली, म्हणून नियम टिकले. एजंटाचे नियमही असेच सभासदांसमोर वाचले जावेत, साध्या मराठीत.

सॉफ्टवेअर देणाऱ्याला विचारा

करार करण्याआधी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या. आमची माहिती कोणत्या संगणकावर राहील? करार संपल्यावर आमच्या सर्व नोंदी आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळतील? ठसे कोणत्या साखळीवर जातील, आणि तुमची कंपनी बंद पडली तरी ते आम्हाला तपासता येतील का? किल्ल्या कोणाकडे असतील? एजंटाच्या चुकीने पैसे गेले तर तुमची जबाबदारी किती? मूळ एआय मॉडेल बदलले तर आम्हाला आधी कळवाल का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर टाळले गेले तर करार करू नका.

सुरुवात लहान ठेवा. पहिला हंगाम एजंटाला फक्त हिशेबपट्ट्या काढू द्या, पैसे कर्मचारीच पाठवतील. त्याची पट्टी आणि कर्मचाऱ्याची पट्टी रोज शेजारी ठेवून तपासा. दुसऱ्या हंगामात लहान रकमांच्या याद्या त्याला तयार करू द्या, मंजुरी माणसाची. शिरपूरचे आर. सी. पटेल तंत्रज्ञान संस्थान किंवा जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांच्याकडे चौकशी करा, संगणकशास्त्राचे विद्यार्थी एजंटाला फसवून पाहण्याची चाचणी करून देऊ शकतील. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये शेतीतील एआयसाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले आहे, त्यातून आपल्या कंपनीला काही साहाय्य मिळते का, हे कृषी विभागाकडे विचारा.

येत्या संचालक मंडळाच्या बैठकीत एक पान पुढे ठेवा. चुकाऱ्याची मर्यादा किती, मंजुरी कोणाची, खाते बदल कसा, बंद करण्याची कळ कोणाकडे, नोंद कोण तपासणार. या पाच ओळी एकमताने लिहून झाल्या तर तुमची कंपनी एजंटासाठी तयार आहे. झाल्या नसतील, तर आधी त्या लिहा. शेतकऱ्याने माल विश्वासाने दिलेला असतो, त्याचा पैसा वेळेवर आणि पूर्ण पोहोचवण्याची जबाबदारी कोणत्याही यंत्राकडे सोपवता येत नाही.